पाण्यातून जमिनीवर येताना वनस्पतींना सर्वात अवघड काय गेलं असेल?

ओलीवाट
नववीला वनस्पतींचं वर्गीकरण शिकवते. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, मग बिया येणाऱ्या वनस्पती, हा क्रम मुलं पाठ करतात. त्यातून बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते: समुद्रातलं शैवाल किनाऱ्यावर आलं, त्याचं मॉस झालं, मॉसचं नेचं झालं आणि नेच्याचं झाड झालं. ऐकायला सोपी गोष्ट आहे, पण मला ती खटकते.

भिंतीवरच्या मॉसपासून वडापर्यंत जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती हिरव्या शैवालांच्या एकाच शाखेतून आल्या, आणि त्या शाखेतले आज हयात असलेले भाऊबंद गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत राहतात. सर्वात जुना पुरावा सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या बीजाणूंचा (बीसारखं काम करणाऱ्या सूक्ष्म पेशी), अर्जेंटिनातल्या खडकांतला. वनस्पतींचे देह टिकले नाहीत, नुसते बीजाणू टिकले. देह दिसतात ते त्यानंतर चारेक कोटी वर्षांनी. कुक्सोनिया नावाची काही सेंटिमीटर उंचीची वनस्पती: पान नाही, फूल नाही, दोन-दोन फाटे फुटत जाणारा देठ आणि टोकाला बीजाणूंची पिशवी. बस्स.

पाण्यात असताना अंग ओलं राहत होतं, पाणीच देह तोलून धरत होतं, खनिजं सगळ्या अंगाने शोषता येत होती, नर पेशी पोहत मादी पेशीकडे जात होती, उन्हाचा तडाखाही पाण्याने कमी होत होता. बाहेर आल्यावर यातली प्रत्येक गोष्ट स्वतःची स्वतः करायची. यातलं सर्वात अवघड काय गेलं असेल? माझं मत कोरडेपणा. तो प्रश्न सुटला नसता तर बाकीचे पडलेच नसते. तुम्हाला काय वाटतं? वाचलेलं लिहा आणि आजूबाजूला पाहिलेलंही लिहा.

चहाबिस्कुट
आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर पावसाळ्यात बघितलंत तर त्यांना काहीही अवघड गेलं नाही अशीच खात्री पटेल. :)
धागा आवडला. वाचनखूण साठवली.

अभियंता_पुणेकर
माझं मत वेगळं आहे. सर्वात अवघड काम उभं राहणं आणि पाणी वर चढवणं.

पाण्यातल्या शैवालाला सांगाडा लागत नाही. हवेत स्वतःचं वजन स्वतः पेलावं लागतं, शिवाय वारा असतोच. त्यासाठी लिग्निन आलं. पेशीभित्ती कडक करणारं, पाण्याला दाद न देणारं द्रव्य. जलवाहिन्यांच्या पेशी काम सुरू करण्याआधीच मरतात आणि त्यांच्या पोकळ, लिग्निनने मजबूत केलेल्या भिंती तेवढ्या मागे राहतात. जिवंत झाडाचं पाणी मेलेल्या पेशींमधून वाहतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघत बसलो होतो.

आणि या सगळ्यात पंप नाही! पानातून बाष्प बाहेर जातं, त्याचा ताण खालपर्यंत पोचतो आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून वर ओढले जातात. कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष ११५ मीटरपर्यंत पाणी असंच नेतात. वाहिन्यांमधलं पाणी सतत ताणाखाली असतं. मध्ये हवेचा बुडबुडा शिरला की ती वाहिनी बाद. लिग्निन नसतं तर त्या ताणाने वाहिन्या आतल्या आत मिटल्या असत्या. इतका कमी खर्चाचा आणि इतकी वर्षं चालणारा पाणीपुरवठा माणसाला अजून जमलेला नाही.

सूक्ष्मदर्शी
@अभियंता, वर्णन सुरेख. पण मॉसमध्ये लिग्निनच्या वाहिन्या नाहीत, आणि मॉस जमिनीवर कोट्यवधी वर्षं सुखाने नांदतंय. म्हणजे तुम्ही सांगितलेला प्रश्न उंच होण्याचा आहे, जमिनीवर येण्याचा नव्हे. बुटकं राहायची तयारी असेल तर वाहिन्यांवाचून अडत नाही.

ओलीवाट ताईंच्या मताकडे माझा कल आहे, पण त्यांनी प्रश्नाचा अर्धाच भाग मांडला. कोरडेपणा टाळणं एकट्याने फार अवघड नाही. अंगावर मेणकट थर चढवा, झालं. पण त्याच थराने कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते आणि प्रकाशसंश्लेषण थांबतं. एसी लावलेल्या खोलीची खिडकी उघडावी तशी ही पंचाईत: ताजी हवा हवी तर गारवा घालवावा लागतो. पर्णरंध्रं हे त्यावरचं उत्तर. दोन पेशी फुगल्या की छिद्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. उघडं असताना कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे काहीशे रेणू उडून जातात. आपली बहुतेक पिकं आजही हाच सौदा करतात.

आता भाऊबंदांविषयी. जमिनीवरच्या वनस्पतींची सर्वात जवळची नातलग म्हणून पूर्वी कारा या शैवालाचं नाव घेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जनुकांची मोठ्या प्रमाणावर तुलना झाली आणि तो मान स्पायरोगायराच्या गटाकडे गेला. तीच स्पायरोगायरा, जी आपण डबक्यातून आणून काचपट्टीवर ठेवतो आणि मुलं तिचं मळसूत्री हरितलवक काढतात. डबकं आटायला लागलं की दोन तंतू एकमेकांना जोडले जातात, एकातला ऐवज दुसऱ्यात जातो आणि जाड भिंतीचा बीजाणू तयार होतो. चिखल वाळून भेगाळला तरी तो पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतो. भरून आटणाऱ्या पाण्यात जगायची ही तालीम जमिनीवर येण्याच्या आधीपासून चालू होती, असं मी मानतो. समुद्रात ती होण्याचं कारणच नव्हतं.

२०१९ मध्ये याच गटातल्या, ओल्या जमिनीवर राहणाऱ्या दोन शैवालांचा जनुकसंच वाचला गेला. पाणी कमी पडतंय हे पेशींना कळवणाऱ्या यंत्रणेतली काही जनुकं जमिनीवरच्या वनस्पतींप्रमाणे त्यांच्यातही निघाली. ती मातीतल्या जिवाणूंकडून आली असावीत असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

सड्यावरची
सूक्ष्मदर्शी सर, "अंगावर मेणकट थर चढवा" हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग माझ्या घरामागे रोज दिसतो: वाळून जायचं!

आमचं गाव सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला लागून. मे महिन्यात सडा करपल्यासारखा दिसतो, कातळावरच्या मॉसला बोट लावलं तर भुगा होतो. पहिली सर पडली की काही मिनिटांत तेच मॉस हिरवं. नवीन उगवलेलं नाही, तेच. मॉसला पाणी साठवायची फिकीर नाही. हवा कोरडी तर तेही कोरडं, हवा ओली तर तेही ओलं.

मोठ्या वनस्पतींनी हा मार्ग बहुतेक सोडून दिला. आंब्याचं पान एकदा पूर्ण वाळलं की संपलं. पण सगळ्यांनी नाही सोडला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात, मुख्यतः कातळपठारांवर, वाळून पुन्हा जिवंत होणाऱ्या ६२ प्रजातींची नोंद केली आहे, आणि या सगळ्या वाहिन्या असलेल्या वनस्पती, मॉस त्यात धरलेलं नाही. त्यातल्या १६ फक्त भारतात सापडतात. त्याआधी आपल्याकडच्या जेमतेम नऊ ठाऊक होत्या. ट्रायपोगॉन गवत त्यातलंच. उन्हाळ्यात पाचोळा समजून कोणीही तुडवत जाईल.

सड्यांना महसुली कागदावर पडीक म्हणतात, मग तिथे चिऱ्याच्या खाणी निघतात. वाळलेलं म्हणजे मेलेलं नव्हे, हे या ६२ जणांच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. कासला फुलं बघायला जाणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात जावं असं मला मनापासून वाटतं.

ओलीवाट
@सड्यावरची, हे वर्गात नक्की सांगणार. एक विचारू? वाळून जगण्याची कला मोठ्या वनस्पती विसरल्या म्हणता, पण बी वाळलेलंच असतं ना? ज्वारीचं बी कणगीत कोरडं पडून असतं आणि पेरलं की उगवतं.

सूक्ष्मदर्शी
ताई, अगदी नेमकं. ती कला गेली नाही, देहातून काढून बी आणि बीजाणूंपुरती ठेवली गेली. वाळून उठणाऱ्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांचं म्हणणं असं की बियांमध्ये चालणारी यंत्रणाच या वनस्पती पानांत पुन्हा चालू करतात. म्हणजे ट्रायपोगॉनने मॉसचा वारसा जसाच्या तसा जपलेला नाही. त्याच्या पूर्वजांनी तो सोडला होता, याने दुसऱ्या दाराने परत आणला.

गच्चीवाले_काका
चर्चा फार वरच्या पातळीवर चालली आहे, मी खालच्या पातळीवरचा प्रश्न विचारतो. आमच्या गच्चीवर दर पावसाळ्यात निसरडं होतं. सौभाग्यवती मागच्या वर्षी घसरल्या, मनगटाला प्लास्टर. हे जे काही जमिनीवर आलं ते परत पाठवायचा उपाय आहे का?

चहाबिस्कुट
काका, ४७ कोटी वर्षांचं अतिक्रमण आहे, नोटीस देऊन हटायचं नाही.

सड्यावरची
काकूंना आराम पडला असेल अशी आशा करते. काका, गच्चीचा उतार तपासून घ्या. पाणी साचतं तिथेच हे वाढतं. पाऊस उघडला की ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून काही वेळाने खराट्याने घासा, तेव्हा पायात रबरी बूट असू द्या आणि ते पाणी कुंड्यांत जाऊ देऊ नका. ॲसिड अजिबात नको, त्याने कोबा खराब होतो आणि मग गळती.

आणि गच्चीवरचं सगळं मॉस नसतं. काळपट, बुळबुळीत, वाळल्यावर पापुद्र्यासारखं सुटतं ते बहुधा नॉस्टॉक, म्हणजे नीलहरित जिवाणू. मखमलीसारखं, बारीक पानांचं दिसतं ते मॉस. पाय घसरतो तो बहुतेक वेळा पहिल्यावरून.

कातळकोरी
अवांतर, पण विषयाला धरून. कोकणात माडांच्या खोडांवर आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर विटकरी-नारिंगी रंगाचा थर दिसतो तो काय असतो? लहानपणी आम्हाला तो गंज वाटायचा.

सूक्ष्मदर्शी
ते ट्रेंटेपोलिया असणार. नारिंगी दिसलं तरी ते हिरवं शैवाल आहे. आत हरितद्रव्य असतं, पण केशरी रंगद्रव्यं इतकी साठलेली असतात की हिरवा झाकला जातो. गाजरात असतात त्याच जातीची रंगद्रव्यं. ती उन्हापासून संरक्षण देतात. २००१ मध्ये केरळात लाल पाऊस पडला होता, तेव्हाच्या तपासणीत त्या पाण्यात याच शैवालाचे बीजाणू निघाले.

कातळकोरींनी विचारलं ते विषयाला अगदी धरून आहे. ट्रेंटेपोलियाची शाखा वेगळी. जमिनीवरच्या वनस्पती ज्या शाखेतून आल्या, तिच्याशी त्याचं नातं फार दूरचं. म्हणजे हिरवी शैवालं पाण्याबाहेर अनेकदा आली. खोडांवर आली, भिंतींवर आली, दगडफुलात बुरशीच्या आश्रयाला राहिली. पण रान उभं केलं ते एकाच शाखेने. मला तर यामुळे मूळ प्रश्नच बदलावासा वाटतो. बाहेर येणं अनेकांना जमलं. त्यातल्या एकालाच पुढे जाता आलं, ते कशामुळे?

डाळिंबवाला
मी शास्त्र शिकलेला नाही, सांगोल्याकडे डाळिंब करतो. पण पुढे जाता आलं ते कशामुळे, याचं उत्तर आमच्या बागेत आहे असं वाटतं म्हणून लिहितोय.

आम्ही ठिबकमधून मायकोरायझा सोडतो. मुळांना धरून राहणारी बुरशी. मूळ जिथे पोचत नाही तिथे तिचे तंतू पोचतात आणि स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. स्फुरद जमिनीत असतं पण चुन्याने बांधलेलं, मुळाला सहज मिळत नाही. बदल्यात झाड तिला साखर देतं. कृषी सहायक सांगायचे की रासायनिक स्फुरद जास्त टाकलं तर झाड बुरशीला विचारत नाही, आणि ते मी बागेत पाहिलंय. डीएपी हे स्फुरदाचं खत भरपूर टाकलेल्या बाजूला मायकोरायझाचा पैसा वाया गेला.

पाण्यातून नवीन आलेल्या त्या वनस्पतीला मुळंच नसतील ना? मग तिला खडकातून स्फुरद कोणी दिलं?

सूक्ष्मदर्शी
डाळिंबवाले दादा, तुम्ही विचारलेला प्रश्न या क्षेत्रातल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि उत्तर तुम्ही म्हणता तेच. मुळं नव्हती, बुरशी होती. तिचा दगडात जपलेला पुरावा स्कॉटलंडमध्ये मिळाला, १९९४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. राइनी गावाजवळच्या खडकातल्या ॲग्लाओफायटॉन नावाच्या वनस्पतीच्या पेशींमध्ये बुरशीच्या बारीक फांद्यांची झुडपं दिसतात. डाळिंबाच्या मुळाचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तशीच दिसतील. मधली वर्षं चाळीस कोटी.

आबर्डीनकर
राइनीचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. नोकरीनिमित्त आबर्डीनला आहे, राइनी इथून जवळच.

तिथे जाऊन बघण्यासारखं काही नाही, हे आधी सांगतो. गवताची कुरणं, मेंढ्या, दगडी कुंपणं. खडक जमिनीखाली आहे आणि जागा संरक्षित आहे, खणायला मनाई. विल्यम मॅकी नावाचे डॉक्टर होते, वैद्यकी करता करता भूगर्भशास्त्राचा नाद. १९१२च्या सुमारास त्यांना या भागात विखुरलेल्या दगडांत देठांसारखे काही आकार दिसले. त्यांनी दगडाचे पातळ काप केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसल्या. मग किडस्टन आणि लँग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१७ ते १९२१ या काळात त्या वनस्पतींचं सविस्तर वर्णन केलं.

४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली. पाणी पसरलं, वनस्पती उभ्याच्या उभ्या त्यात बुडाल्या आणि सिलिका पेशीपेशीत शिरून घट्ट झाली. त्यामुळे पर्णरंध्रं दिसतात, जलवाहिन्या दिसतात, फुटायच्या बेतात असलेले बीजाणू दिसतात, देठांच्या आत शिरलेली बुरशी दिसते. सोबत कोळ्यांसारखे छोटे प्राणीही आहेत. अख्खं गाव सापडलं म्हणा ना.

विद्यापीठात मी हे काप पाहिले आहेत. मी भूगर्भवाला नाही, यंत्रं बघणारा माणूस आहे, पण ॲग्लाओफायटॉनच्या पेशीतली ती बुरशी बघताना बाजूच्या गृहस्थांशी काही बोलावंसं वाटेना. माझे आजोबा शेतकरी होते, त्यांना हे दाखवायला हवं होतं.

डाळिंबवाला
@आबर्डीनकर, वाचून अंगावर काटा आला. फोटो असतील तर टाका.

अभियंता_पुणेकर
बुरशीचा मुद्दा पटला, पण लिग्निनला इतक्या लवकर निकालात काढू नका. लिग्निन आलं तेव्हा ते पचवू शकणारी बुरशीच नव्हती, म्हणून मेलेली झाडं कुजेनात, नुसती साठत गेली आणि त्यांचा कोळसा झाला. पृथ्वीवरचा इतका कोळसा त्याच काळातला आहे. एका द्रव्याने अख्ख्या पृथ्वीचा हिशोब बदलला!

खडकवासी
चंद्रपूरचा आहे, कोळशातच आयुष्य गेलं. म्हणून या मुद्द्यावर थोडं सविस्तर.

बुरशी नव्हती म्हणून कोळसा झाला, हे फार लोकप्रिय आहे, पण २०१६ मध्ये त्याला जोरदार आव्हान दिलं गेलं आणि माझ्या मते ते आव्हान योग्य आहे. एक तर त्या काळातल्या पुष्कळशा कोळशात लिग्निनचा वाटा कमी आहे. तेव्हाच्या दलदलीतल्या मोठ्या झाडांच्या अंगात लाकडापेक्षा सालीचा भाग जास्त होता. दुसरं म्हणजे कोळसा व्हायला दोन गोष्टी लागतात: बारमाही पाणी साचलेली दलदल आणि सतत खचत जाणारी जमीन. पाण्याखाली हवा नाही, मग कुजणं मंदावतं. खचणाऱ्या खोऱ्यात थरावर थर गाडले जातात. हे दोन्ही जुळलं तिथे कोळसा झाला, लिग्निन पचवणारी बुरशी आल्यानंतरही झाला.

आमच्या वर्धा खोऱ्यातलाच घ्या. हा पर्मियन काळातला, युरोप-अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध कोळशापेक्षा नंतरचा, आणि झाडंही वेगळी. इथे ग्लॉसॉप्टेरिस. जिभेच्या आकाराचं पान, मधली शीर ठळक, बाजूच्या शिरांची जाळी. कोळशाच्या थरांमधल्या राखाडी शेलची (थराथरांच्या चिखली खडकाची) पाटी नीट उकलली तर पानावर पान पडलेलं दिसतं. पाळीवरचे जुने कामगार असे दगड जपून बाजूला ठेवायचे. हेच पान ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत सापडतं, आणि दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉट या शोधकाच्या तुकडीजवळच्या दगडांतही ते होतं. बियांच्या वनस्पती एव्हाना इतक्या दूर पसरल्या होत्या.

वनस्पतींनी पृथ्वी बदलली यात शंका नाही, पण ते काम लिग्निनच्या आधीच सुरू झालं होतं. वनस्पती येण्याआधीच्या नद्यांच्या गाळात चिखलाचं प्रमाण फार कमी दिसतं. जमिनीवर झाडोरा आल्यावर ते वाढतं. चिखल म्हणजे पुढची माती. शेत ही वस्तूच त्या बुटक्या वनस्पतींनी करायला घेतली.

अभियंता_पुणेकर
@खडकवासी, तरीही ११५ मीटर लिग्निनमुळेच! यावर मी ठाम.

खडकवासी
त्यावर भांडण नाही. :)

खाजणातली
सगळे पाण्यातून बाहेर येण्याबद्दल लिहितायत, मी परत गेलेल्यांबद्दल लिहिते.

आमच्याकडे खाडीत कांदळ आणि तिवर. ही फुलझाडंच, पण मुळं खाऱ्या चिखलात, जिथे हवा नाही. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येतात, भरती ओसरली की स्पष्ट दिसतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप खाली पडतं. भरतीत वाहून गेलं तरी कुठेतरी चिखलात उभं राहायची सोय आधीच झालेली.

समुद्रगवत तर पूर्णच परत गेलं. ते शैवाल नाही, फुलणारी वनस्पती आहे, परागकण पाण्यातून वाहतात. तामिळनाडूच्या किनाऱ्याला पाल्कच्या उपसागरात याची कुरणं आहेत आणि डुगाँग हे समुद्री सस्तन प्राणी तिथे चरतात. २०२२ मध्ये डुगाँगसाठी तिथे राखीव क्षेत्र झालं. २०१६ मध्ये युरोपातल्या एका समुद्रगवताचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात पर्णरंध्रं घडवणारी जनुकं गेलेली आढळली. पाण्यात राहून ती काय कामाची?

आता ओलीवाट ताईंच्या प्रश्नाकडे. परत गेलेल्यांनी काय टाकलं ते बघितलं तर कोणती गोष्ट निव्वळ जमिनीसाठी होती ते कळतं. पर्णरंध्रं टाकली. लाकूडही जवळपास टाकलं. पण भ्रूण आईच्या अंगावर वाढवणं समुद्रगवताने टाकलं नाही. ते अजूनही बी धरतं. मला वाटतं तीच खरी मोठी गोष्ट.

ओलीवाट
@खाजणातली, या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता. भ्रूणाचं थोडं उलगडून लिहाल? मुलांना हा भाग सर्वात रुक्ष वाटतो.

खाजणातली
प्रयत्न करते. स्पायरोगायरात दोन पेशी एक झाल्या की जो एक पेशीचा जीव होतो, तो जाड भिंतीत निजतो आणि जागा झाल्यावर लगेच विभागून मूळ रूपात परत जातो. मधला देहच नाही. जमिनीवरच्या वनस्पतींनी तिथे एक मुक्काम घातला. फलित पेशी आईच्या अंगातच ठेवली, तिला खाऊ घातलं आणि तिच्यापासून अनेक पेशींचा वेगळा देह वाढवला. मॉसच्या हिरव्या गादीतून टोपी घातलेले तपकिरी देठ वर येतात ना, तो हा दुसरा देह, आईच्या जिवावर उभा. त्याच्या टोकाच्या पिशवीत हजारो बीजाणू, प्रत्येकाला कोरडेपणा सोसणारं कवच.

हिशोब बघा. जमिनीवर नर पेशीला पोहायला पाणी क्वचित मिळतं, म्हणून फलन क्वचित होतं. मग एका फलनातून एकच संतती काढून परवडणार नाही. एकातून हजारो बीजाणू काढले आणि ते वाऱ्यावर सोडले, तर एक पावसाचा थेंबही पुरतो. पुढे नेच्यांत हा दुसरा देह मोठा आणि स्वतंत्र झाला, आज आपण झाड म्हणतो ते तोच.

बीजाणू_बाबा
वा, वा! नर पेशीवरून भर घालतो. पोहणारी नर पेशी फक्त मॉस आणि नेच्यांपुरती नाही. बागेत शोभेला लावतात त्या सायकसमध्येही आहे. १८९६ मध्ये जपानमध्ये साकुगोरो हिरासे यांनी गिंको या झाडामध्ये आणि त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांनी सायकसमध्ये पोहणाऱ्या नर पेशी दाखवल्या. परागकण वाऱ्याने येतो, बीजांडापाशी पोचतो, आणि शेवटचं मिलिमीटरभर अंतर नर पेशी झाडानेच पुरवलेल्या थेंबभर द्रवात पोहून जाते.

गंमत म्हणजे स्पायरोगायराच्या गटात पोहणारी नर पेशीच नाही. म्हणजे आपला आणि त्यांचा सामाईक पूर्वज आजच्या स्पायरोगायरासारखा नव्हता. त्या गटाने नंतर बरंच काही सोडून दिलंय.

कातळकोरी
मग मॉसपासून नेचं झालं हे चूक, आणि स्पायरोगायरापासून मॉस झालं हेही चूक?

सूक्ष्मदर्शी
दोन्ही चूक. ही सगळी भावंडं आहेत. आजचं मॉस कुणाचं पूर्वज नाही. मॉस, मार्कांशियाचा गट आणि अँथोसेरॉसचा गट (या दोन्हींत मॉससारख्याच वाहिन्या नसलेल्या छोट्या, चपट्या वनस्पती) ही तिन्ही मिळून एक शाखा, आणि वाहिन्या असलेल्या वनस्पती त्यांच्या शेजारची शाखा, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. दोघांचा पूर्वज एकच, आणि तो आपण समजत होतो त्यापेक्षा बराच तयारीचा होता. त्याला पर्णरंध्रं असावीत. मॉस आणि अँथोसेरॉसमध्ये ती आहेत, मार्कांशियाच्या गटाने ती घालवली.

इथे शिवराम कश्यप यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. लाहोरला शिकवायचे, हिमालय पायी पालथा घातलेला माणूस. पश्चिम हिमालय आणि पंजाबातल्या या छोट्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ अशा दोन भागांत निघाला. मार्कांशियाच्या गटातली साधी दिसणारी रूपं आधीची नसून गुंतागुंतीच्या रूपांपासून सोपी होत गेलेली आहेत, असं त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं. जनुकांचं नावही न घेता, केवळ हातात भिंग घेऊन आणि शेकडो नमुने शेजारी शेजारी ठेवून. आज पर्णरंध्रांच्या बाबतीत त्याच धाटणीचा निष्कर्ष निघतोय. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यासाठी दोन ओळी असाव्यात.

ओलीवाट
सर, हे वाचून मी क्रम फळ्यावर कसा मांडायचा ते बदलणार आहे. एका खाली एक न लिहिता एका खोडातून फुटलेल्या फांद्या काढणार, आणि स्पायरोगायरा त्याच चित्रात शेजारच्या फांदीवर.

आणि मूळ प्रश्नावर: कोरडेपणा हे माझं मत मी पूर्ण सोडत नाही, पण डाळिंबवाले दादांचा मुद्दा मला सर्वात जड वाटतो. मेणाचा थर, जाड बीजाणू, रंगद्रव्यं हे सगळं एकट्या वनस्पतीला करता येण्याजोगं होतं. खडकातून स्फुरद काढणं तिला एकटीला जमलं नसतं.

सड्यावरची
ताई, पण बहुतेक मॉसना ती बुरशी नसते. त्यांचं तिच्यावाचून चाललंच ना?

डाळिंबवाला
मॉसला फळ कुठे धरायचं असतं ताई.

सूक्ष्मदर्शी
दादांचं उत्तर हसून सोडून देण्यासारखं नाही. मॉस बुटकं, वाढ संथ, गरज कमी. पावसाच्या पाण्यातून आणि धुळीतून मिळेल तेवढ्यावर भागतं. पण बुरशीशी बोलणी करण्यासाठी लागणारी जनुकं सामाईक पूर्वजात होती असं दिसतं. मार्कांशियाच्या एका प्रजातीत बुरशी आजही आहे आणि प्रयोगशाळांत वाढवतात त्या दुसऱ्या प्रजातीत ती जनुकंच गेलेली आहेत. म्हणजे सोबत आधी, सोडचिठ्ठी नंतर.

चहाबिस्कुट
मार्कांशिया कुठे बघायला मिळेल? एवढं वाचून आता बघायचीच आहे.

सड्यावरची
पावसाळ्यात महाबळेश्वरला जा. झऱ्याकाठी, ओल्या सावलीतल्या दरडींवर, जुन्या विहिरींच्या पायऱ्यांवर शोधा. जमिनीला चिकटलेले हिरवे चपटे पट्टे, टोकाला दुभंगलेले. भिंग न्या. वरच्या बाजूला बारीक ठिपके दिसतील.

बीजाणू_बाबा
आणि ते ठिपके म्हणजे पर्णरंध्रं समजू नका. ती पिंपाच्या आकाराची छिद्रं आहेत, पर्णरंध्रांसारखी उघडमीट करत नाहीत. खाली हवेची खोली असते आणि त्यात हिरव्या पेशींच्या माळा उभ्या असतात. उभा पातळ काप ब्लेडने घेता आला तर तेही दिसेल, साधा शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो. उपटून मात्र आणू नका, नखाएवढा तुकडा पुष्कळ झाला.